शुगरची गोळी सुटली, ती कशी

टाइप 2 मधुमेह आहाराने आणि वजन उतरवून माघारी फिरतो का, हे आता आमच्या चोपडा गावात मला कोणीही थांबवून विचारतं. मी सांगतो, काहींचा फिरतो. माझा फिरला. पण त्यासाठी वजन खरोखर उतरावं लागतं, चहातली साखर सोडून भागत नाही. आणि आजार कायमचा गेला असं मी म्हणत नाही. डॉक्टर याला रेमिशन म्हणतात. 2021 साली मधुमेहतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी ठरवलेली त्याची व्याख्या अशी: शुगरची औषधं बंद करून किमान तीन महिने झाले, तरी रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी एचबीएवनसी ही तपासणी 6.5 च्या खाली राहिली पाहिजे.

माझं कृषी सेवा केंद्र आहे. कपाशीच्या बियाण्याच्या हंगामात सकाळी खुर्चीत बसलो की रात्रीच उठायचं, मधे येणाऱ्या-जाणाऱ्यासोबत चहा. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या नानांना वीस-एक वर्षं शुगर होती, शेवटी मूत्रपिंडं गेली आणि डायलिसिससाठी जळगावच्या चकरा सुरू झाल्या. त्या गाडीत त्यांच्या शेजारी मी बसायचो. त्यामुळे त्रेचाळिसाव्या वर्षी माझा रिपोर्ट 8.6 आला तेव्हा मला कोणी भीती घालायची गरज नव्हती.

माझं वजन तेव्हा 76 किलो, उंची साडेपाच फूट. जाड असं कोणी म्हणत नव्हतं. हातपाय बारीक, पोट तेवढं पुढे. जळगावच्या डॉक्टरांनी काट्याच्याही आधी टेप काढली आणि कंबर मोजली. आपल्याकडच्या पुरुषांना 90 सेंटिमीटरची मर्यादा धरतात, माझी 98 भरली. मग त्यांनी पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचं उदाहरण सांगितलं. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांचा आणि ब्रिटनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, 22.3. पण अंगातली चरबी युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के. आपली माणसं वरून बारीक दिसतात आणि आत चरबी साठवतात, हे मला त्या दिवशी कळलं.

ही चरबी करते काय, हे समजल्यावर माझी पुढची वाट सोपी झाली. ती यकृतात साठली की यकृत इन्सुलिनला जुमानत नाही आणि रात्रभर रक्तात साखर सोडत राहतं. रात्री काही न खाता झोपलो तरी सकाळी उपाशीपोटी शुगर 160-170 का येते, याचं उत्तर यात होतं. तीच चरबी स्वादुपिंडापर्यंत गेली की इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशी मंदावतात. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या डॉ. रॉय टेलर यांनी 2011 साली अकरा रुग्णांवर केलेल्या अभ्यासात, खाणं अगदी कमी केल्यावर सातच दिवसांत उपाशीपोटीची शुगर सामान्य झाली होती. पुढे टेलर आणि ग्लासगोचे डॉ. माइक लीन यांनी 'डायरेक्ट' नावाची मोठी चाचणी केली. तिच्यात सहा वर्षांच्या आत निदान झालेले लोक घेतले होते. आहाराच्या गटातल्या 46 टक्के लोकांना वर्षाअखेर रेमिशन मिळालं. ज्यांचं वजन 15 किलो किंवा त्याहून जास्त उतरलं, त्यांच्यात हा आकडा 86 टक्के होता. दोन वर्षांनी मात्र 46 चे 36 टक्के झाले. डॉक्टरांनी हाही आकडा लपवला नाही, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

सुरुवात खाण्यापासून झाली नाही, तपासण्या आणि गोळ्यांपासून झाली. हे मला सगळ्यांना कळकळीने सांगायचं आहे. मूत्रपिंडांचं काम दाखवणारी क्रिएटिनिन, डोळ्यांचा पडदा, पोटाची सोनोग्राफी, आणि स्वादुपिंडात अजून किती दम आहे हे दाखवणारी सी-पेप्टाइड, एवढं आधी झालं. मला मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड या शुगरच्या दोन गोळ्या चालू होत्या. ग्लिमेपिराइड स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडायला लावते. खाणं निम्म्यावर आणलं आणि ही गोळी तशीच ठेवली, तर शुगर धोकादायक खाली जाऊन माणूस चक्कर येऊन पडतो. डॉक्टरांनी ती पहिल्याच दिवशी बंद केली आणि मेटफॉर्मिन पुढे टप्प्याने. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या ग्लिफ्लोझिन गटाच्या गोळ्या, इन्सुलिन, किंवा बीपीचं औषध चालू असेल त्यांनी तर मनाने काहीच करू नये. टाइप 1 वाल्यांच्या अंगात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, त्यांच्यासाठी हा रस्ताच नाही, त्यांचं इन्सुलिन बंद करणं जिवावर बेतेल.

'डायरेक्ट'मधल्या लोकांना काही महिने दिवसाला साधारण साडेआठशे कॅलरींची पावडरची पेयं दिली होती. माझ्यासाठी ठरलं घरचंच जेवण, हजाराच्या आसपास. दिवाळी झाली की सुरू.

आणि खरी गाठ पडली ती आमच्या तेलाशी. खान्देशात भाजी केली आणि वर तर्री आली नाही तर पाहुण्याचा अपमान झाल्यासारखं वाटतं. माझ्या पत्नीने तराजू आणला आणि फोडणीची पळी मोजली. 20 ग्रॅम तेल, म्हणजे 180 कॅलरी. 40 ग्रॅम पिठाची छोटी भाकर 140 ची होते. म्हणजे एक भाकर खाण्यापेक्षा एक पळी तेल भारी. आणि आमच्या नेहमीच्या भाकरीला 100 ग्रॅमवर पीठ लागतं. ज्वारी खाल्ली की शुगर होत नाही असं आमच्याकडे सगळे धरून चालतात, पण कळण्याची (ज्वारी-उडदाच्या पिठाची) भाकर असो की दादर ज्वारीची, ज्वारीतही पिष्ट आहेच, ते मोजूनच पोटात गेलं पाहिजे. मग दुपारी एक छोटी कळण्याची भाकर, भरपूर पालेभाजी, वाटीभर दही. रात्री घट्ट मुगाची किंवा तुरीची डाळ, काकडी-मुळा-कांदा, कधी उकडलेली अंडी. तेल दिवसाला दोन चमचे. भरीत सुटलं नाही, कारण भाजलेलं वांगं निर्दोष आहे. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं ते वांगं मी कांद्याची पात आणि मिरची घालून, तेलाशिवाय खात होतो. सोबतची पुरी सुटली, शेवभाजी सुटली, वरण-बट्टी सुटली. जांभळाच्या बियांची भुकटी, कारल्याचा रस, मेथीचं पाणी लोकांनी पुष्कळ सुचवलं. यातल्या कशानेही अंगातली दहा-बारा किलोची साठवण उतरत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

पहिला आठवडा डोकं दुखलं, संध्याकाळी चिडचिड झाली. पण त्याच आठवड्यात सकाळची शुगर 118 दिसली आणि पत्नीने ग्लुकोमीटर पुन्हा लावायला सांगितलं. नंतर भूक बरीच निवली. रोज संध्याकाळी यावल रस्त्याला चालायला जायचो. त्याने वजन फार उतरलं नाही, पण मन शांत राहिलं.

जड गेली ती माणसं. आमच्याकडे कोणी बारीक झालं की दुखणंच समजतात. आत्या भेटली तर गालावर हात फिरवून म्हणाली, "तू इतला बारीक काबर व्हयना रे भाऊ? काही दुखणं शे का?" तिला समजावत बसलो. लग्नाच्या पंगतीत आग्रह करणाऱ्यांना मात्र एकच वाक्य पुरायचं, "नानांचं डायलिसिस पाहिलंय मी." पुढे कोणी वाढत नसे.

होळीपर्यंत 64 किलो. गोळ्या पूर्ण बंद झाल्यावर तीन महिन्यांनी एचबीएवनसी 5.8.

माझं पाहून मोठ्या बहिणीचे यजमान, आमचे दाजी, यांनीही मनावर घेतलं, त्यांच्या डॉक्टरांना विचारून. त्यांची शुगर पंधरा वर्षांहून जुनी. माझ्यापेक्षा नेमाने वागले, वजनही उतरलं, तरी गोळ्या पूर्ण सुटल्या नाहीत. त्या कमी झाल्या, बीपी सुधारलं, गुडघे हलके झाले. लोक त्यांना विचारतात, "याला जमलं, तुम्हाला का नाही?" हे ऐकून मला फार वाईट वाटतं. जितकी वर्षं जुनी शुगर, तितकी स्वादुपिंडाची उभारी कमी. त्यात त्यांचा काय दोष? म्हणूनच नुकतंच निदान झालेल्यांनी थांबू नये, असं मी पोटतिडकीने सांगतो. सुरुवातीच्या वर्षांत जे हाती असतं, ते नंतर राहत नाही.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमरस खाल्ला, लहान वाटी, एका मांड्याच्या चतकोरासोबत. केळी या भागात वर्षभर घरात असतात, मी अर्धं खातो, तेही जेवणाचा भाग म्हणून. रविवारी सकाळी काट्यावर उभा राहतो. डॉक्टरांशी ठरलंय की 67 ओलांडले की महिनाभर पुन्हा मोजून जेवायचं. तुळशीच्या लग्नानंतरच्या लग्नसराईत एकदा ते ओलांडले आणि मुगाची डाळ परत आली. सध्या 65 वर आहे. एचबीएवनसी दर सहा महिन्यांनी, डोळे आणि मूत्रपिंडं वर्षातून एकदा. शुगर 'गेली' तरी या तपासण्या चुकवायच्या नाहीत, असं डॉक्टरांनी माझ्या फाइलवर लाल शाईने लिहून दिलंय, आणि पुढची तारीख पत्नीने कॅलेंडरवर टाकली आहे.