मॅडम, घरी सांगू नका

यंदा सतरा वर्षांखालच्या मुलींचा कबड्डी संघ उभा करायला मला घरोघर फिरावं लागलं. परभणी जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या शाळेत मी क्रीडाशिक्षिका आहे. त्याआधी नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाकडून कबड्डी खेळले. मुली का गळतात याची नेहमीची कारणं मला पाठ आहेत : दहावीचं वर्ष, लातूरचा क्लास, हुकणारी एसटी, सोयाबीनची काढणी, ठरलेलं लग्न. यंदा त्यात एक नवं कारण ऐकू आलं. एका आईनं मला ओसरीवर बसवलं, चहा दिला आणि म्हणाली, "मॅडम, हात मोडला तर बसवता येतो. डोकं कुठून बसवून आणायचं?"

ती कुठल्या सामन्याबद्दल बोलत होती ते मला ठाऊक होतं. शेजारच्या तालुक्यात एका मंडळानं खुल्या स्पर्धा भरवल्या होत्या. माझा संघ नंतर खेळणार होता, म्हणून मी कडेला उभी होते. चढाई करणारीचा घोटा धरायला एका मुलीनं खाली झेप घेतली आणि चढाईवालीचा गुडघा तिच्या कानशिलावर बसला. ती उठली, पण उठून समोरच्या संघाच्या अंगणात जाऊन उभी राहिली. मी पंचांना ओरडून सांगितलं, तिला बाहेर घ्या. आयोजकांपैकी एकजण म्हणाला, "ऊन लागलंय, पाणी मारा." पाणी मारलं आणि सामना पुढे सुरू झाला. परतीच्या जीपमध्ये तिला दोनदा उलटी झाली. तिचा खेळ त्या दिवशी बंद झाला. तिच्या चुलत बहिणीचा, शेजारच्या दोन मुलींचाही. एका गल्लीतून निम्मी बचावफळी गेली.

"ऊन लागलं" या दोन शब्दांवर माझा फार राग आहे. आमच्याकडे मुलीला चक्कर आली की कारणं तयार असतात. ऊन लागलं, सकाळपासून उपाशी आहे, अंगात रक्त कमी आहे. ती खरीही असू शकतात. पण डोक्याला मार बसल्यावर आलेल्या चक्करेला यातलं एकही कारण लावायचं नाही.

कवटीच्या आत मेंदू मऊ असतो. डोक्याला किंवा नुसत्या अंगालाही जोराचा हिसका बसला की तो आत हलतो, आणि त्याचं काम काही काळ बिघडतं. याला कन्कशन म्हणतात. बेशुद्ध पडावंच लागतं असं नाही, बहुतेकजण पडतही नाहीत. सीटी स्कॅन स्वच्छ येऊ शकतो, कारण कन्कशन त्यात दिसत नाही. सीटी रक्तस्राव किंवा हाड मोडलेलं शोधण्यासाठी असतो. "स्कॅन नॉर्मल आहे, उद्यापासून खेळू द्या" असं म्हणणारे पालक आणि मार्गदर्शक इथेच फसतात. डोकं दुखणं, मळमळ, उजेड सहन न होणं, वाचलेलं न समजणं, उगाच रडू येणं हे सगळं त्यात येतं, कधी कधी दुसऱ्या दिवशीही. आणि पहिला मार बरा होण्याआधी दुसरा बसला तर क्वचित मेंदूला झपाट्यानं सूज येते. असं घडलेले बहुतेक खेळाडू कोवळ्या वयाचे आहेत.

आमची मैदानंही साथ देत नाहीत. मॅट जिल्ह्याच्या ठिकाणी. गावात काळी माती, पाऊस उघडला की दगडासारखी. आम्ही ती खणून, भुसा आणि वाळू मिसळून, पाणी मारून मऊ ठेवतो. एवढं केलं तरी मेहनतीनं मऊ ठेवलेल्या मैदानावरचा मारसुद्धा मारच.

पण सगळ्यात मोठा धोका मला वेगळाच वाटतो. मुली लपवतात. मुलगा कपाळाला टेंगूळ घेऊन घरी गेला तर बाप कौतुकानं विचारतो, जिंकलात का? मुलगी गेली की खेळ बंद. म्हणून डोकं ठणकत असलं तरी ती हसून दाखवते आणि हळूच म्हणते, "मॅडम, घरी सांगू नका ना." तिच्या दृष्टीनं पणाला काय लागलेलं असतं बघा. दहावीच्या निकालात मिळणारे क्रीडागुण, पुढे खेळाडूंसाठीचं पाच टक्के आरक्षण, पोलीस भरतीचं स्वप्न, आणि घराबाहेर मिळणारे दिवसातले दोन तास. घरच्यांची भीती जितकी वाढेल तितकं लपवणं वाढणार, आणि लपवलेल्या डोक्यावर दुसरा मार बसला की भीती खरी ठरणार.

अमेरिकेत २००६ मध्ये झॅकरी लायस्टेट नावाचा तेरा वर्षांचा मुलगा शाळेच्या अमेरिकन फुटबॉलच्या (अंगावर धावून पाडापाडी करायच्या खेळाच्या) सामन्यात डोक्यावर आपटला. थोडा वेळ बाहेर बसला, मग पुन्हा खेळला. सामना संपल्यावर तो कोसळला. जीव वाचवायला त्याची कवटी उघडावी लागली, आणि बोलणं-चालणं पुन्हा शिकायला वर्षं गेली. त्याच्या वॉशिंग्टन राज्यानं २००९ मध्ये कायदा केला : शंका आली तरी खेळाडू बाहेर, आणि जाणकार आरोग्य व्यावसायिकानं लिहून दिल्याशिवाय परत आत नाही. २०१४ पर्यंत तिथल्या सगळ्या राज्यांत असे कायदे झाले. तरी शालेय फुटबॉल खेळणारी मुलं दहा वर्षांत अकरा लाखांवरून दहा लाखांच्या आसपास आली. एकदा उडालेला विश्वास कायद्यानं लगेच परत येत नाही. आपल्याकडे तो पुरता उडण्याआधी काही करता येईल असं मला मनापासून वाटतं.

मी मुलींना जडेजाचं उदाहरण देते. डिसेंबर २०२० मध्ये कॅनबेराला त्याच्या हेल्मेटवर चेंडू बसला. कन्कशनसाठीचा बदली खेळाडू म्हणून चहल आला, त्यानं तीन बळी घेतले, भारत जिंकला. कबड्डीत तर सातजणी आत आणि राखीव मुली बाकावर बसलेल्याच असतात. एकीला बाहेर घेतल्यानं संघ अडत नाही.

आमच्या शाळेत आता मार बसला की मुलगी बाहेर, त्या दिवशी परत आत नाही. मी तिला विचारते : आपण कुठल्या गावात आहोत? शेवटचा गुण कोणी घेतला? मागचा सामना कोणाशी झाला? उत्तरं बरोबर आली तरी ती बाहेरच. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी गुंगी, झटका, हातापायातली ताकद जाणं, एका डोळ्याची बाहुली मोठी दिसणं, यातलं काहीही असलं तर थेट दवाखाना. एरवी एक-दोन दिवस विश्रांती, मग चालणं, मग धावणं, मग पकडीशिवाय सराव. आधी वर्गात नीट बसता आलं पाहिजे. डॉक्टरांनी सांगितल्यावरच पकड, शेवटी सामना. प्रत्येक पायरीला किमान एक दिवस, आणि त्रास झाला तर एक पायरी मागे. बहुतेक मुली महिन्याभरात बऱ्या होतात. आणि घरी मी स्वतः फोन करते. मुलीच्या विनंतीवरूनही हा फोन टळत नाही, हे हंगामाच्या सुरुवातीलाच सगळ्यांना सांगितलेलं असतं.

त्या ओसरीवरच्या आईला मी हे सगळं सांगितलं. धोका नाही असं म्हणाले नाही. ती म्हणाली, "तुम्ही बाहेर काढाल, पण दुसऱ्या गावचा पंच ऐकल का?"

याचं उत्तर एकट्या शिक्षिकेकडे नाही. म्हणून तालुका क्रीडा स्पर्धांच्या नियोजन बैठकीत मी एवढंच मागणार आहे : प्रत्येक मैदानावर एक माणूस असा हवा ज्यानं हात वर केला की खेळाडू बाहेर, आणि त्यावर पंच, मार्गदर्शक, आयोजक कोणीही वाद घालायचा नाही. परभणी, हिंगोली, नांदेडकडच्या क्रीडाशिक्षकांनो, तुमच्या बैठकीतही हा विषय काढा. बैठका स्पर्धांच्या आधी होतात.