शेवंड आणायला बेळगाव-मालवण-म्हापसा-चोर्ला: 8760 रुपये आणि एक शॉकअब गेला

आधी रस्त्याचं सांगतो, कारण डोक्यात अजून तोच बसलाय. जिवंत शेवंड, म्हणजे लॉबस्टर, घेऊन चोर्ला घाटानं बेळगावला यायचं नाही. बास. पुढचं वाचायला वेळ नसेल तर एवढंच लक्षात ठेवा आणि कामाला लागा.

आता सुरुवातीपासून. आमच्या मेहुण्याचं वेंगुर्ला रोडला हिंडलग्याच्या पुढं गार्डन हॉटेल आहे, तिथं वीकेंडला गिऱ्हाईक लॉबस्टर मागतंय म्हणे. बेळगावच्या कॅम्पातल्या मासळी मार्केटात शेवंड कधीतरी येते, ती पण बर्फातली, मिशा तुटलेली. मेहुण्याला कुणीतरी सांगितलं की मालवणच्या किनाऱ्यावर शेवंड सहाशे-सातशे रुपये किलो पडते आणि हॉटेलात दोन हजारानं उचलतात. मी पण हुशार, मोबाईलवर दोन-चार व्हिडिओ बघितले, त्यात पण तोच आकडा. व्हिडिओ कधीचा आहे ते काय मी बघितलं नाही. मित्र बाळूची गाडी, दोन थर्माकोलचे बॉक्स, पंधरा किलो बर्फ, आणि नोव्हेंबरच्या एका गुरुवारी पहाटे निघालो.

जाताना बाची, शिनोळी, पाटणे फाटा, आंबोली, सावंतवाडी, कुडाळ, मालवण. दीडशे किलोमीटरच्या आसपास. रस्ता ठीक, घाटात थोडं धुकं, आंबोलीत चहा घेतला, याच्यात लिहिण्यासारखं काय नाही. मालवणात दोन दिवस होतो, किल्ला बघितला, जेवण झक्कास, ते सगळे लिहितातच, मी लिहीत नाही.

लिलावाचं लिहितो. संध्याकाळी होड्या लागल्या की किनाऱ्यावरच ढीग मांडून बोली चालते, सुरमई, पापलेट, बांगडा सगळं तिथंच जातं. आम्ही आपलं वाट बघत उभे की आता शेवंड येईल आणि आपण बोली लावू. शेवंड आलीच नाही. म्हणजे आली, पण ढिगावर आली नाही. होडीवरनं थेट एका माणसाच्या टबात गेली. तो एक्सपोर्टवाल्यांचा एजंट. शेजारी टोपली घेऊन बसलेल्या मावशीला विचारलं तर हसली आणि म्हणाली, "झिला, जित्ती शेवंड लिलावात खंय येता? ती आधीच बोललेली आसता." म्हणजे होडीवाल्यांना जाळ्यासाठी, डिझेलसाठी आधीच पैसे दिलेले असतात, त्या बदल्यात मोठी आणि जिवंत शेवंड त्यालाच. आपण बेळगावहून पैसे घेऊन आलोय याचं तिथं कुणाला काही पडलेलं नाही.

एजंट माणूस मात्र बोलायला बरा निघाला. चहा पाजला त्याला, तासभर बसलो. त्यानं टबातली एक उचलून दाखवली. जिवंत आणि तब्येतीची असेल तर उचलल्या उचलल्या शेपटी पोटाकडं ओढून फटाफट मारते. शेपटी लोंबत राहिली तर ढिली, ती बेळगावपर्यंत टिकायची नाही. कवच दाबून बघायचं, पापडासारखं दबलं तर नुकतीच कात टाकलेली आहे, आत मांस कमी आणि पाणी जास्त. आपल्याकडच्या शेवंडीला नांग्या नसतात, नुसत्या जाडजूड मिशा. ते फोटोत असतात ना मोठ्या नांग्यांचे, ते अमेरिकेतल्या मेनचे आणि कॅनडाचे, त्याचा आपल्या बाजाराशी संबंध नाही. मेहुण्यानं नेमका तोच फोटो मेनूकार्डावर छापलाय, ते वेगळं.

वजनाचं ऐकून मला पहिला धक्का बसला. 2003 पासून आपल्या सरकारचा नियम आहे, ठरलेल्या वजनाखालची शेवंड एक्सपोर्ट करता येत नाही. जिवंत किंवा गोठवलेली पाठवायची तर आपल्या पश्चिम किनाऱ्यावर जास्त मिळते ती मड लॉबस्टर निदान 300 ग्रॅम पाहिजे, दक्षिणेकडची खडकातली 200 ग्रॅम, आणि ती रंगीबेरंगी मोठी जात 500 ग्रॅम. मग त्याखालची कुठं जाते? हॉटेलात. तुमच्या माझ्या ताटात. म्हणजे आपण बेळगावात "बेबी लॉबस्टर" म्हणून कौतुकानं खातो ती एक्सपोर्टला न चाललेली पिल्लं. एजंट म्हणाला, पोटाखाली गाभोळी, म्हणजे अंडी, असलेली तर घेऊच नका, निदान माझ्यासमोर तरी. मुंबईच्या ट्रॉलरना एकेकाळी चपटी सँड लॉबस्टर ढिगानं मिळायची, ओरबाडून ओरबाडून नव्वदच्या दशकात ती मासेमारीच बसली. हे त्यानं सांगितलं आणि मग मी लॉजवर जाऊन शोधलं, खरं आहे.

भावाचं पण तसंच. मी विचारलं, अहो सहाशे रुपये ऐकलं होतं. तो म्हणाला, कधी? 2020 ला? तेव्हा कोरोनानं हॉटेलं बंद, विमानं बंद, आणि बराचसा जिवंत माल जातो चीनकडं, तो थांबला म्हणून किनाऱ्यावर भाव पडले होते. आता भाव ठरतो तिकडच्या लग्नांवर आणि त्यांच्या नवीन वर्षावर, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीत. त्याआधी आपल्या गोव्याचा नाताळ आणि थर्टी फर्स्ट. त्यामुळं नोव्हेंबरपासून चढायला लागतो तो फेब्रुवारीपर्यंत खाली येत नाही. आम्ही नेमके चढावर गेलेलो.

रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर वाचत बसलो तर हा धंदा म्हणजे मटकाच आहे बघा. ऑस्ट्रेलियाचा जवळपास सगळा रॉक लॉबस्टर चीनला जायचा, 90 टक्क्यांच्या वर, आणि नोव्हेंबर 2020 मध्ये चीननं दार लावलं ते डिसेंबर 2024 ला उघडलं, मधली चार वर्षं तिकडचे कोळी कसे राहिले असतील कुणास ठाऊक. व्हिएतनामवाले समुद्रात पिंजरे लावून शेवंड वाढवतात पण पिल्लं समुद्रातनंच पकडलेली, आणि 2023 मध्ये चीननं त्या मोठ्या रंगीत जातीचा माल समुद्रातनं पकडलेला नाही याचे कागद मागायला सुरुवात केली तर त्यांचा माल पिंजऱ्यातच अडकला. मेन राज्यात 2021 ला 72 कोटी डॉलरच्या वर लॉबस्टर विकला गेला, रेकॉर्ड, आणि पुढच्याच वर्षी ते जवळपास निम्म्यावर आलं. एवढ्या मोठमोठ्या लोकांना भाव कळत नाही आणि आम्ही दोघं थर्माकोलचा बॉक्स घेऊन मार्जिन काढायला निघालो.

तरी एजंटनं पाठीमागची चार किलो दिली, 1700 नं. महाग वाटली पण जिवंत होती, शेपट्या मारत होती, त्याच्याबद्दल तक्रार नाही. आमचा बर्फ बघून मात्र त्यानं कपाळाला हात लावला. शेवंडीला बर्फ लावायचा नाही. बर्फ वितळला की गोडं पाणी, आणि गोड्या पाण्यात ही मरते. बरोबर पद्धत अशी: एक दिवस समुद्राच्या पाण्यात उपाशी ठेवायची म्हणजे पोट रिकामं होतं आणि बॉक्समध्ये घाण करत नाही, मग हळूहळू गार करायची, ओल्या भुश्यात किंवा समुद्राच्या पाण्यात भिजवलेल्या गोणपाटात गुंडाळायची, आणि गारव्यासाठी गोठवलेल्या पाण्याच्या बाटल्या पेपरात गुंडाळून कडेला. बॉक्सला भोकं. पाण्यात बुडवून न्यायची नाही, त्या पाण्यातली हवा संपली की गुदमरते. कल्ले ओले आणि अंग गार राहिलं तर दिवसभर बाहेर आरामात जगते. त्यानं गोणपाट पण दिलं, बाटल्या आम्ही लॉजच्या फ्रीजमध्ये गोठवल्या.

इथनं शनिवारी पहाटे आंबोलीमार्गे सरळ घरी आलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती.

पण बाळूला फोन आला की म्हापशात माल आहे, जिवंत, शुक्रवारपेक्षा शनिवारी स्वस्त. कोण कशाला स्वस्त देईल भाव चढावर असताना, पण आम्हाला सात किलो पाहिजे होती आणि हावरटपणा. बांद्यावरनं पत्रादेवी करून म्हापशाला गेलो. ऊन मी म्हणत होतं. तिथं एकानं गाडीची केए 22 ची, म्हणजे बेळगावची पाटी बघितली, आम्हाला बघितलं आणि 1900 सांगितलं. शेजारच्या गोव्याच्या गाडीवाल्याला तो 1600 सांगत होता, मी स्वतः कानानं ऐकलं. मी म्हटलं अहो दादा, आम्ही पण मराठीच, तर म्हणतो, मराठी आहात म्हणून तर 1900, नाहीतर दोन हजार. तीन किलो घेतली, म्हणजे त्याच्या काट्यावर तीन किलो. त्यानं ओल्या गोणपाटासकट तोलली आणि मी शहाण्यासारखा बघत उभा. घरी आल्यावर 2 किलो 600 भरली. 400 ग्रॅम पाणी 1900 च्या भावानं. आपला वजनकाटा घेऊन जा, हातात धरायचा तो छोटा डिजिटल, तीन-चारशेला मिळतो, आणि गोणपाटातनं बाहेर काढून, झटकून, मग तोला. चिडला तर चिडू दे.

वर त्याच्याकडच्या दोन ढिल्या होत्या, मला माहीत होतं आता ढिली कशी ओळखायची, तरी घेतल्या. का घेतल्या ते अजून कळत नाही. दमलो होतो.

आणि मग चोर्ला. डिचोली, साखळी, केरी इथपर्यंत ठीक, घाट चढताना पण ठीक, हवा गार लागली, मला वाटलं आता शेवंडीला पण बरं वाटलं असेल. कर्नाटकाची हद्द लागली आणि संपलं. चोर्ल्यापासून कणकुंबी आणि तिथनं जांबोटीपर्यंत, रस्ता आहे असं म्हणायला पण लाज वाटते. खड्डा चुकवायला डावीकडं घेतलं की दुसरा, तो चुकवायला उजवीकडं घेतलं तर समोरनं ट्रक, आणि ट्रकवाला पण तेच करतोय, तो पण खड्डाच चुकवतोय. पावसाळ्यानंतर टाकलेली खडी मोकळी झालेली, धूळ एवढी की पुढच्या गाडीचा नंबर दिसत नाही. मलप्रभेचा उगम कणकुंबीचा, तिथं दर्शनाला थांबू म्हणून बाळू म्हणत होता, मी नको म्हटलं, देवीला काय तोंड दाखवणार. जांबोटीच्या अलीकडं मागनं ठण्ण आवाज, डावा शॉकअब गेला. कुसमळीपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर. नकाशात दीड तास दाखवतो त्या पट्ट्याला आम्हाला तीन तास वीस मिनिटं लागली. मी घड्याळ लावून बघितलंय, कुणी वाद घालू नये.

या आदळआपटीत बाटल्या सुटून शेवंडींवर पडल्या, एक बाटली फुटली, गोडं पाणी बॉक्सच्या तळाला. किणयेच्या पुढं वास यायला लागला. मेलेली शेवंड भराभर बिघडते, मांस पिठासारखं होतं आणि अमोनियाचा वास सुटतो, लिंबू मसाला काही उपयोग नाही.

हिशेब देतो म्हणजे कुणाला स्वप्नं पडणार नाहीत. मालवणचे चार किलोचे 6800, म्हापशाचे 5700, डिझेल-लॉज-जेवण 4100, एकूण 16600. शॉकअब यात धरला नाही. पिरनवाडी पार करून हॉटेलात पोचलो तेव्हा जिवंत 2 किलो 800, मेहुण्यानं 2200 नं घेतली म्हणजे 6160. मेलेली पण खाण्यासारखी 2 किलो 100, आठशेनं 1680. उरलेली 1 किलो 700 हॉटेलच्या मागं पुरली. हातात आले 7840. खोट 8760. आणि जिवंत राहिलेल्यांत एक सोडून सगळ्या मालवणच्या.

एक गोष्ट मेहुण्यालाही आधी कळली नव्हती. एक किलो अख्ख्या शेवंडीतनं शेपटीचं मांस निघतं साधारण तिसरा हिस्सा, बाकी डोकं आणि कवच. म्हणजे 2200 ची शेवंड धरली तर मांस सहा हजाराच्या वर किलो. ताट कितीला लावणार तुम्ही बेळगावात? त्यात इथलं गिऱ्हाईक सोमवारी खात नाही, गुरुवारी खात नाही, काही जण शनिवारी पण नाही, संकष्टी आली की गेलं, श्रावण आणि मार्गशीर्ष आहेतच. जिवंत माल तुमच्या वाराची वाट बघत बसत नाही.

जायचंच असेल तर असं जा. जून-जुलै मासेमारी बंद, ऑगस्टला उघडते, तर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जा, नाताळच्या आसपास अजिबात नको. आधी नुसतं जाऊन एखाद्या होडीवाल्याशी ओळख करा, थोडा ॲडव्हान्स द्या, फोन आला की मगच गाडी काढा. तीन-चार किलोच्या वर घेऊ नका. गाभोळीवाली आणि तळहाताएवढी पिल्लं परत टाकायला लावा. येताना रात्री निघा आणि आंबोलीनंच या. तिलारी घाट चढ जास्त आहे, गाडी लोड असेल तर नको, आणि अनमोडचं तर नावही काढू नका, एवढं फिरून यायचं कशाला. किंवा सरळ गोठवलेल्या शेपट्या मागवा, चवीला जिवंतासारखी नाही पण हॉटेलच्या बटर गार्लिकमध्ये कुणाला कळतंय. मेहुणा आता तेच करतोय, आणि मेनूवरचा नांग्यांचा फोटो अजून तसाच आहे.

बॉक्स आमच्या अनगोळच्या घरी गच्चीवर पडलेत, वास गेलेला नाही, बायको रोज विचारते. कुणाला पाहिजे असतील तर येऊन घेऊन जा, फुकट. भोकं पाडलेली आहेत.