जुनी पूल क्यू घेताय? नाव सगळ्यात शेवटी वाचा

जुन्या अमेरिकन क्यूंचा, म्हणजे बिलियर्ड्ससारखा 'पूल' खेळ खेळायच्या काठ्यांचा, नाद लागला की कधी ना कधी कोणीतरी "बालाबुष्का आहे, घेतोस का" म्हणून येतंच. आणि समोरच्याचं डोकं तिथेच फिरतं. क्यू बनवणारा कारागीर जॉर्ज बालाबुष्का जन्माने रशियन, राहिला ब्रुकलिनला, क्यू बनवल्या १९५९ पासून १९७५ मध्ये जाईपर्यंत, म्हणजे माल मुळातच कमी, त्यात कित्येकींवर सहीच नाही, आणि तो गेल्यावर त्याच्या नावाने फॅक्टरीच्या क्यू निघाल्या त्या वेगळ्याच. 'द कलर ऑफ मनी' सिनेमात बालाबुष्का म्हणून जी दाखवलीय ती तर जॉस नावाच्या दुसऱ्याच कंपनीची होती, आता बोला! नावावर काय विश्वास ठेवणार.

मी आधी पॉइंट बघतो. मुठीच्या पुढच्या फिकट मेपल लाकडात गडद लाकडाची टोकं घुसलेली दिसतात ना, कडेला व्हेनियरच्या, म्हणजे पातळ लाकडी पट्ट्यांच्या, रंगीत रेघा असतात, तेच. ब्रन्सविक कंपनीच्या जुन्या टिटलिस्ट क्यूंमध्ये हे फुल स्प्लाइस असतं, म्हणजे पॉइंटचंच लाकूड खाली मुठीपर्यंत सलग गेलेलं, मधे कुठे जोड नाही. बालाबुष्काने सुरुवातीला ह्याच टिटलिस्ट घेऊन त्यांच्यापासून क्यू बनवल्या, नंतर बर्टन स्पेन आणि गस झॅम्बोटी या कारागिरांकडचे ब्लँक, म्हणजे पॉइंट घातलेले अर्धवट तयार तुकडे, वापरले.

आता खरी गंमत. पॉइंटची खाच पुढे टोकाकडे उथळ होत जाते, त्यामुळे कोणी क्यू लेथवर चढवून घासली की दर वेळी टोकं थोडी मागे सरकतात, आणि ती नीट मधोमध धरली नसेल तर एका बाजूची टोकं आखूड आणि दुसऱ्या बाजूची लांब राहतात. हाताच्या कामात थोडंफार इकडेतिकडे होणारच, पण क्यू फिरवल्यावर टोकं सरळसरळ वरखाली दिसली तर समजायचं की हिच्यावर कोणीतरी हात साफ केलाय. म्हणून ती चकाचक नवं पॉलिश मारलेली जुनी क्यू बघून मला तरी काही होत नाही, त्यापेक्षा तडकलेलं फिनिश आणि मुठीवर गुंडाळलेलं, घामाने काळं पडलेलं आयरिश लिनन परवडलं.

सरळपणा बघताना शाफ्ट (पुढचा बारीक भाग) आणि बट (मागचा मुठीचा भाग) आधी वेगवेगळे टेबलावर लोळवा, मग जोडून. सुटे सरळ आणि जोडल्यावर डुलतंय तर बहुतेक जॉइंटची भानगड असते, ती चांगला कारागीर काढू शकतो. शाफ्टच वाकलेला असेल तर मात्र भाव पाडून मागा किंवा सोडून द्या. शाफ्ट मूळचाच आहे का तेही बघा, त्याच्या जोडाकडच्या कॉलरच्या रिंगा बटच्या रिंगांशी जुळायला पाहिजेत, आणि टिपजवळ घासून घासून बारीक केलेला नको.

हस्तिदंताचं म्हणाल तर जुन्या फेरुलमध्ये, म्हणजे टिपच्या मागच्या पांढऱ्या टोपणात, तो असू शकतो, आणि पिवळा पडलेला मायकार्टा हा कृत्रिम पदार्थही लांबून तसाच दिसतो. अमेरिकेत २०१६ पासून एका राज्यातून दुसऱ्या राज्यात विकायला कडक नियम आहेत, आणि भारतात तर व्यापारालाच बंदी, त्यामुळे असली क्यू इकडे आणायचा विचारसुद्धा करू नका. "आयव्हरी आहे" म्हणून कोणी वरचे पैसे मागायला लागला की मी तरी तिथेच नमस्कार करतो.