सर्व दिवस

"देव काय हरेगावलाच राहतो का?" पप्पांनी फोनवर विचारलं. मी नुसतं 'यंदा चालत जाते' एवढंच म्हटलं होतं.

त्यांच्या जागी ते बरोबरच होते. माझं माहेर नगरचं, प्रोटेस्टंट. १८३१ साली अमेरिकन मिशनरी नगरला आले, तिथपासूनचा इतिहास तोंडपाठ असणारी मंडळी आमच्या चर्चमध्ये आहेत. आमच्या घरात क्रूस एकच, लाकडाचा, रिकामा. मूर्ती नाही, माळ नाही, आणि नवस तर नाहीच नाही. रात्रीच्या प्रार्थनेला रेव्हरंड ना. वा. टिळकांचे अभंग आणि मग बायबलातल्या मत्तयाच्या अगदी शेवटच्या ओळीवर पप्पांचं ठरलेलं बोट: युगाच्या समाप्तीपर्यंत मी सर्व दिवस तुमच्याबरोबर आहे. 'सर्व दिवस' म्हणजे सोमवारसुद्धा, ते म्हणायचे. पगाराआधीचा सोमवारसुद्धा.

लग्न होऊन आले ती राहुरीच्या कॅथलिक घरात. ८ सप्टेंबर हा मारियामातेचा जन्मदिन. त्याच्या आसपासच्या शनिवार-रविवारी श्रीरामपूरजवळच्या हरेगावात तिची, म्हणजे मतमाउलीची, यात्रा भरते, १९४९ सालापासून. सासूबाई तिथे दरवर्षी चालत जायच्या. गेल्या फेब्रुवारीत त्या वारल्या. त्यांची कापडी पिशवी खुंटीवर तशीच होती. आत काळ्या मण्यांची माळ, सुईदोरा आणि हळदीची पुडी. घरात 'यंदा कोण जाणार' असं कुणी विचारलं नाही. मीच पिशवी काढली.

खरं कारण मात्र मी कुणाला सांगितलं नव्हतं. मी नर्स आहे, महिन्यातले दहा-बारा दिवस रात्रपाळी. सासूबाईंच्या आजारपणापासून माझी प्रार्थना आटून गेली होती. म्हणत होते, पण बंद पडलेल्या नंबरवर फोन लावावा तसं. वाटलं, चालले तर काही जाणवेल.

शुक्रवारी पहाटे आम्ही पंचवीसेक जण निघालो. पुढे निळा झेंडा, मागे सायकलला बांधलेला भोंगा. राहुरी फॅक्टरी सोडून बेलापूरच्या रस्त्याला लागलो आणि दोन्ही बाजूंनी ऊस सुरू झाला. डोक्यावरून उंच, वारा अडवणारा, संपता संपत नाही. पहिल्या दोन तासांत जे जाणवलं ते एवढंच, की माझ्या सँडलचा पट्टा चुकीच्या जागी शिवलेला आहे.

जपमाळ मला धड येत नव्हती. बरोबरच्या एक मावशी पुढे म्हणायच्या, आम्ही मागून. एका पूर्ण माळेत 'नमो मरिये' ही मारियेची प्रार्थना त्रेपन्न वेळा येते. हे पाठ करून घेताना मला नेहमी आठवायचे ते पप्पा: पोपटपंची, म्हणायचे. तिसरी माळ चालू असताना कधीतरी शब्द कानांवर नीट पडले. प्रभू तुझ्याबरोबर आहे. हे तर देवदूताने मारियेला म्हटलेलं, लूकच्या पहिल्या अध्यायातलं. म्हणजे पप्पांच्याच बायबलातलं. त्रेपन्न वेळा आम्ही तिला सांगत होतो की प्रभू तुझ्याबरोबर आहे, आणि मी एकदाही तो निरोप माझ्यासाठी म्हणून ऐकला नव्हता. (मारियेलाही तो ऐकून आधी भीतीच वाटली होती, हे आपण विसरतो.)

तरीसुद्धा तेव्हा आत काही उजळलं बिजळलं नाही. फोड आला होता.

एका वस्तीवर एका म्हाताऱ्या बाबांनी हात केला. "माउली, चहा घ्या. कुठली दिंडी?"

"मतमाउलीची. हरेगावला."

"माउलीचीच ना? मग बसा की."

आषाढी वारीसाठी त्र्यंबकेश्वरहून निवृत्तीनाथांची पालखी आमच्या जिल्ह्यातून जाते, त्यामुळे चालणाऱ्याला चहा द्यायचा हे इकडे हाडात मुरलेलं आहे. बाबांनी आम्हाला विचारलं नाही, की तुम्ही कोण लोक. टिळकांची आठवण आली. १८९५ साली ख्रिस्ती झालेला हा कवी म्हणायचा, की आपण ख्रिस्ताकडे तुकारामांच्या पुलावरून आलो. आमच्या चर्चमध्ये हे वाक्य व्याख्यानात येतं. त्या ओट्यावर ते कपबशीतून आलं. चहा अति गोड होता.

रात्री बेलापुरात मुक्काम. प्रवरेच्या काठचं हे गाव. हेच पाणी खाली नेवाशाला जातं, जिथे ज्ञानेश्वरी सांगितली गेली. एका शाळेच्या व्हरांड्यात सतरंज्या टाकल्या. मी सँडल काढली आणि त्या मावशींनी न विचारता माझा पाय मांडीवर घेतला.

"सुई हाय का?"

मी सासूबाईंची पिशवी पुढे केली. मावशींनी सुई मेणबत्तीवर धरली, टोक काळं पडलं ते पदराला पुसलं. फोडाच्या एका कडेतून सुई घातली, दुसऱ्या कडेतून काढली आणि दोरा आतच ठेवून दोन्हीकडून कापला. दोऱ्यावरून पाणी हळूहळू बाहेर येऊ लागलं. वर हळद. नर्स म्हणून मी हे कुणाला करू देणार नाही. माझ्या ड्रेसिंग ट्रॉलीवर दोरा ठेवला तर मेट्रन घरी पाठवेल. पण मी गप्प बसले.

"ही पिशवी वळखते मी," त्या म्हणाल्या. "तुझ्या सासूच्या पायालाबी ह्याच दोऱ्यानं. दोन-तीन वर्सं लागोपाठ." मग जरा थांबून, "ती लई बडबड करायची वाटंनं. मला वाटायचं माळ म्हनती. ती देवाला भाजीचे भाव सांगायची."

मला हसू आलं, आणि मग बराच वेळ दुसरंच काहीतरी आलं. मावशी तोवर घोरायला लागल्या होत्या.

शनिवारी श्रीरामपूर ओलांडलं आणि माळ गळ्यातच राहू दिली. मीही सांगत सुटले. वॉर्डातल्या सात नंबरच्या आजोबांचं, धाकट्याच्या गणिताचं, रजेच्या अर्जाचं, सासूबाईंच्या शेवटच्या आठवड्यात मी त्यांच्यावर एकदा ओरडले होते त्याचं. उत्तर काही आलं नाही. ऊस होता, रस्ता होता.

हरेगावात पोचलो तर माणूसच माणूस. बंद पडलेल्या साखर कारखान्याच्या या गावात एरवी एवढी गर्दी कुठली! खेळण्यांची दुकानं, मेणबत्त्यांचे ढीग, कुंकू लावलेल्या बायकासुद्धा रांगेत. दोन तासांनी मूर्तीसमोर आले. स्वयंसेवक "पुढे चला, पुढे चला" करत होता. मी मेणबत्ती ठेवली, सासूबाईंचं नाव घेतलं आणि पुढे चालले. झालं.

बाहेर येऊन पप्पांना फोन लावला.

"पोचलीस?"

"पोचले."

"मग? भेटला का देव?"

"इथं गर्दी फार आहे, पप्पा. बेलापूरपासून बोलतेय मी त्याच्याशी. भाजीचे भावसुद्धा सांगितले."

पलीकडे बराच वेळ शांत. मला वाटलं, आता मत्तय येणार.

"पाय कसे आहेत?"

"एक फोड आहे."

"घरी गेलीस की कोमट पाण्यात मीठ टाक आणि पाय बुडवून बस," ते म्हणाले. "आणि परतीला एसटीनं ये. चालत नको."