सोमवारची घारापुरी

सोमवारी घारापुरी बंद असते. हे वाक्य मी गाइड म्हणून इतक्या पाहुण्यांना ऐकवलंय की झोपेतून उठवलं तरी सांगेन. आणि तरीही त्या जानेवारीत माझ्याच हातून घोळ झाला.

क्रूझनं येणाऱ्या दोघी बहिणी, दोघीही सत्तरीच्या आसपास. मोठी इंग्लंडातल्या शाळेत कलेचा इतिहास शिकवून निवृत्त झालेली. दोन महिने तिच्या मेल येत होत्या आणि प्रत्येक मेलमध्ये एलिफंटाची त्रिमूर्ती. वर्गात तिची स्लाइड तिनं वर्षानुवर्षं दाखवली होती. जहाज मंगळवारी लागणार होतं. मग गोव्याचा थांबा रद्द झाला, जहाज एक दिवस आधी येणार असं तिनं कळवलं. मी लोकलमध्ये उभी होते. ‘नो प्रॉब्लेम’ लिहून मोकळी झाले. रविवारी रात्री दुधाचा खाडा लिहायला कालनिर्णयसमोर गेले आणि पेन हातातच राहिलं. उद्या सोमवार!

रात्री अकरा वाजता पर्याय शोधायला बसले. लेणीच बघायची तर कान्हेरी, पण सोमवारी नॅशनल पार्कही बंद. शिवाय बोरिवलीला जाऊन वेळेत परत यायची हमी या शहरात कोण देणार? जहाजाच्या माणसांसाठी दिवसाचं गणित मी नेहमी उलटं मांडते. ऑल अबोर्ड, म्हणजे सगळ्यांनी जहाजावर परतायची वेळ, साडेचारला असेल तर मला साडेतीनला बंदराच्या ग्रीन गेटवर हजर व्हायचं. तिथून मागे मोजत यायचं. जहाजानं स्वतः विकलेल्या सहलीची बस अडकली तर जहाज थांबतं. माझ्यासारख्या खासगी गाइडबरोबर गेलेल्यांसाठी थांबत नाही. हे न सांगता सहली विकणारे आमच्यातही आहेत, त्यांच्याबद्दल न बोललेलं बरं.

इमिग्रेशनची रांग लांबली. दोघी बाहेर आल्या तेव्हा पावणेअकरा झाले होते. गेटबाहेर टॅक्सीवाल्यांचा गराडा, ‘धोबीघाट, मॅडम, धोबीघाट!’ मी त्या गलक्यातच सांगून टाकलं, की लेणी आज बंद आहेत, चूक माझी आहे, पैसे परत करते. धाकटी म्हणाली, मग बाजारात जाऊ. मोठी काहीच बोलली नाही. हातातल्या जाड वहीत एक पान तिनं बोटानं धरून ठेवलं होतं, तिथून बोट काढून तिनं वही मिटली. ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं.

“त्रिमूर्ती नाही दाखवू शकत,” मी म्हटलं, “पण ज्याच्यावरून बेटाला एलिफंटा नाव पडलं, तो हत्ती दाखवते. तो बेटावर नाहीच.”

आधी छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. ते सोमवारी उघडं असतं. तिथे घारापुरीहून आणलेला ब्रह्मा आहे, सहाव्या शतकातला. त्याच्यापुढे ती इतका वेळ उभी राहिली की धाकटी बाकावर जाऊन बसली. परळच्या शिवाची प्रतिकृतीही तिथेच आहे, एकातून एक उमलत जाणाऱ्या सात आकृत्यांची. मूळ शिल्प 1931 साली परळ-शिवडीच्या बाजूला रस्ता खणताना सापडलं आणि आज बारादेवीच्या देवळात आहे, असं मी बोलून गेले. बोलायला नको होतं. तिनं लगेच विचारलं, किती लांब?

भायखळ्याला राणीच्या बागेशी पोचलो तेव्हा दीड वाजून गेला होता. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात तो दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगीजांनी त्याला बेटाच्या किनाऱ्याजवळ पाहिलं आणि गावाचं नाव बाजूला पडलं. पुढे 1814 मध्ये त्याचं डोकं कोसळलं. 1864 मध्ये इंग्लंडला न्यायला म्हणून उचलायला गेले, तर क्रेनची साखळी तुटली आणि त्याचे आणखी तुकडे झाले. ते तुकडे बोटीनं मुंबईत आले आणि 1914 मध्ये जोडले गेले.

मोठी त्या हत्तीवरचे सांधे शोधत होती. चष्मा कपाळावर सरकवून, हात न लावता, बोट हवेतच फिरवत. “इथे. आणि हे बघ, इथे.” मग बहिणीकडे वळून म्हणाली, “आपल्याकडे न्यायला निघाले होते आणि पाडला!” आणि दोघी अशा हसल्या की शेजारचं शाळकरी टोळकं वळून बघायला लागलं. मलाही हसू आलं. सकाळपासून पहिल्यांदाच.

गाडीत बसताना तिनं पुन्हा विचारलं, “परळ?” घड्याळात दोन वाजून दहा मिनिटं. पुढे जायला वीस मिनिटं पुरतात, परत यायला किती लागतील ते देवाला ठाऊक. मी ड्रायव्हरकडे पाहिलं. तो लालबागचाच.

“मॅडम, पुलाखाली खणून ठेवलंय. जाल, पण यायचं कसं?”

“बंदरावर घ्या, दादा,” मी म्हटलं.

साडेतीनला दहा कमी असताना ग्रीन गेटवर उतरलो. घारापुरीचे पैसे मी पाकिटात घालून ठेवले होते, ते तिनं घेतले, मोजले आणि त्यातल्या दोन नोटा ड्रायव्हरला दिल्या. मग वही उघडून त्रिमूर्तीच्या पानावर काहीतरी लिहिलं आणि पान माझ्याकडे फिरवलं. मोठ्या अक्षरात होतं, ‘सोमवार नाही’. त्याखाली तिनं मला परळच्या देवळाचा पत्ता लिहायला लावला.