शिवराईचा भाव कशावर ठरतो?

सातारा-सांगलीकडे जुन्या वाड्याची आवराआवर निघाली की देवघराच्या कोनाड्यात तांब्याची जाड, वेडीवाकडी नाणी हमखास सापडतात. एका बाजूला तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूला ‘छत्र पति’. हीच शिवराई. पूर्वी ती मोडीच्या तांब्याबरोबर किलोवर जायची. भंगारवाल्याकडून तांबटाकडे किंवा सराफाकडे पोचायची आणि सराफाच्या पत्र्याच्या डब्यातून माणूस हवी ती उचलून, हातात तोलून, निवडून घ्यायचा. आता नाणं सापडताच त्याचा फोटो व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर येतो, खाली ‘शिवकालीन, दुर्मीळ’ लिहिलेलं असतं आणि भाव नाण्याला नव्हे, त्या दोन शब्दांना लावलेला असतो.

त्यातला पहिला शब्द बहुतेक वेळा चुकीचा असतो. ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकापासून शिवराई पडू लागली हे खरं, पण ‘शिव’ हे नाव पुढच्या छत्रपतींच्या आणि पेशव्यांच्या काळातही तसंच चालू राहिलं. ठिकठिकाणच्या टांकसाळींनी एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तोच मजकूर छापला. म्हणून नुसतं ‘राजा शिव’ वाचून नाणं महाराजांच्या हयातीतलं ठरत नाही. वजन, अक्षरांचं वळण, भोवतीच्या ठिपक्यांची कड, ‘शिव’चं लेखन सिव आहे की सीव, हे सगळं एकत्र पाहावं लागतं. सुरुवातीच्या शिवराया साधारण ११ ते १३ ग्रॅमच्या, पुढच्या हलक्या होत गेल्या. ‘छत्र’ आणि ‘पति’ यांच्यामध्ये दोन आडव्या रेघा असतील तर ती दुदांडी, म्हणजे उशिराची. साधी, झिजलेली दुदांडी आजही काही शे रुपयांत मिळते आणि नवशिक्याने तिच्यापासूनच सुरुवात करावी. ‘राजा शंभू’ किंवा ‘राजा शाहू’ वाचता येणारं नाणं खरोखरच दुर्मीळ. तिथे दहापटीच्या भिंगाखाली अक्षराच्या कडा बघाव्यात. ‘शिव’ कोरून ‘शंभू’ केलेला असेल तर खाचेत चकाकणारं ताजं तांबं आणि हत्याराचे ओरखडे दिसतात.

ओतीव नकल ओळखायला सोपी असते, पण नाणं हातात असेल तरच. अस्सल शिवराई हातोड्याने ठोकलेली. ठसा बहुधा चकतीपेक्षा मोठा, त्यामुळे एखादं अक्षर बाहेर गेलेलं असतं आणि ठोक्याने कडेला बारीक भेगा पडलेल्या असतात. सगळी अक्षरं मधोमध, पूर्ण आणि तरी साबणासारखी गुळगुळीत दिसली तर संशय घ्या. कडेवर कानशीचा पट्टा आणि पृष्ठभागावर टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसले की विषय संपला. फोटोवरून घ्यायचंच असेल तर विक्रेत्याकडे दोन्ही बाजूंबरोबर कडेचा आणि वजनकाट्यावर ठेवलेला असे आणखी दोन फोटो मागा. चांगला व्यापारी ते न कुरकुरता पाठवतो.

भाव सगळ्यात जास्त कुठे पडत असेल तर आपल्याच घरात. नाणं सापडलं की ते चिंच-मीठ लावून लखलखीत करायची आपल्याकडे फार हौस. दोनशे वर्षांचा तपकिरी थर दोन मिनिटांत जातो, खालून गुलाबी, खरबरीत तांबं निघतं आणि जाणता गिऱ्हाईक तिथेच नाणं खाली ठेवतो. माती असेल तर ते डिस्टिल्ड पाण्यात भिजवून ठेवा, रोज पाणी बदला, आठवड्याने बांबूच्या काडीने हलकेच माती काढा. घट्ट गडद हिरवा थर तसाच राहू द्या. मात्र फिकट हिरवी भुकटी सुटत असेल तर तो नुसता कळंक नाही. आतले क्लोराइड, म्हणजे मिठासारखे क्षार, ओल मिळाल्यावर तांबं खात असतात. तसं नाणं इतरांपासून लगेच वेगळं काढा. कृष्णेच्या पुरात २०१९ साली ज्यांच्या पेट्या भिजल्या, त्यांनी तरी नाणी पुन्हा एकदा उघडून बघावीत. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत ठेवली असतील तर हिरवा चिकट थर हमखास सापडेल. मायलर या कडक पारदर्शक प्लास्टिकचे होल्डर आणि ओल शोषणारं सिलिका जेल यांना फार खर्च येत नाही.

चांदीच्या रुपयाचं गणित वेगळं. १८३५ पासून १९३९ पर्यंतचा रुपया ११.६६ ग्रॅमचा, त्यात ९१.७ टक्के चांदी, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम. १९४० पासून चांदी निम्मी झाली. त्यामुळे राणीछाप साधा रुपया आता जवळपास चांदीच्या दरानेच हलतो. सराफ तो वितळवण्याच्या हिशोबाने घेतो आणि संग्राहकाला वर्ष बघून विकतो. १९११ च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि पुढच्या वर्षी नक्षी बदलली, म्हणून त्याला चांदीच्या वर भाव आहे. १९३९ चा तर फारच दुर्मीळ. तो समोर आला की आधी शेवटचा ९ भिंगाखाली घ्या, कारण ८ चा ९ करणं अवघड नाही.

चांदी तपासायला ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा पुरतो. त्यावर पाण्याची वाटी ठेवून आकडा शून्य करा. दोऱ्याला बांधलेला १९३९ पर्यंतचा रुपया तळाला न टेकवता पूर्ण बुडवा. रुपयाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन म्हणून काटा साधारण १.१३ ग्रॅम दाखवायला हवा, झिजलेल्याला किंचित कमी. पूर्ण वजनाच्या रुपयाला १.३ च्या पुढे गेला तर ते जर्मन सिल्व्हर, म्हणजे चांदी नसलेला चांदीसारखा मिश्रधातू, किंवा तसलंच काही. बुडबुडे चिकटले तर आकडा फसवतो, म्हणून बोटाने झटकून पुन्हा बुडवा.

१८१८ साल, ईस्ट इंडिया कंपनीचं नाव आणि वर राम-सीता किंवा हनुमान असलेली जाड तांब्याची ‘नाणी’ जत्रेत विकायला असतात. कंपनीने अशी नाणी कधीच पाडली नाहीत. देवघरात खुशाल ठेवा, पण लाखाचा भाव सांगणाऱ्याला एक रुपयाही आगाऊ पाठवू नका. जुनी नाणी घेण्याच्या नावाखाली रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून कमिशन आणि कर मागणाऱ्यांबद्दल बँकेने २०२१ च्या ऑगस्टमध्येच इशारा दिला होता.

आणि शेतात नांगराला हंडा लागला तर तो ग्रुपवर टाकू नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे जमिनीत पुरलेला, दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवला तर सापडणाऱ्याचा त्यातला हक्क जातो. हंड्यातली नाणी पुसू नका, वेगळी करू नका, हंड्याचे तुकडेही टाकू नका. कुठलं नाणं कुठल्याबरोबर पुरलं होतं यावरूनच त्यांचा काळ लावता येतो.