आमची वाटचाल : खानापूरचा डुक्कर पैदास फार्म

खानापूर तालुक्यात आम्ही लार्ज व्हाइट यॉर्कशायर आणि लँडरेस या जातींची पैदाशीची डुकरं तयार करतो. गिऱ्हाईक निपाणी-चिकोडीपासून चोर्ला घाटापलीकडे गोव्यापर्यंत. सुरुवातीला निवड नजरेवरच होती: लांब पाठ, मजबूत पाय, सडांच्या किमान सहा जोड्या. सड आजही मोजतो. एखादा आत वळलेला दिसला तर मादी पैदाशीतून बाद. बाकी सगळं आता वहीवर.

वही सुरू होते कानापासून. जन्मानंतर लगेच खाचा: उजव्या कानात वेताचा नंबर, डाव्यात पिल्लाचा. पिल्लं दुसऱ्या मादीखाली लावली, तर संख्या जन्म देणारीच्या नावावर आणि 21व्या दिवसाचं वजन दूध पाजणारीच्या. नोंदी बिघडतात त्या बहुधा इथेच.

पिल्लांची संख्या हा सर्वांत फसवा गुण. आनुवंशिकता, म्हणजे जनावरा-जनावरांतल्या फरकातला रक्तातून येणारा वाटा, जेमतेम 10 टक्के. एका वेतात 13 पिल्लं झाली म्हणून मादी उत्तम ठरवली, तर त्या अंदाजाची अचूकता (1 म्हणजे पूर्ण अचूक) 0.32च्या आसपास, तीन वेतं पाहूनही ती 0.5च्या आतच राहते. म्हणून आई, बहिणी, बापाच्या इतर लेकी या सगळ्यांच्या नोंदी एकत्र तोलाव्या लागतात. पशुपैदास शास्त्रज्ञ चार्ल्स हेंडरसन यांची ब्लप (BLUP) ही संख्याशास्त्रीय पद्धत हेच करते, शिवाय ऋतूचा आणि गोठ्याचा परिणाम वेगळा काढते. एप्रिल-मेच्या उकाड्यात लागलेल्या मादीची तुलना हिवाळ्यातलीशी करणं म्हणजे अन्यायच.

चरबीचं उलट. आनुवंशिकता 40 ते 50 टक्के आणि मोजणी जिवंत जनावरावर. शेवटच्या बरगडीपाशी, पाठीच्या मध्यरेषेपासून 6.5 सेंमीवर तेल लावून अल्ट्रासाउंडचा प्रोब टेकवायचा. खाली हवा राहिली की आकडा खोटा. 90 ते 100 किलोदरम्यान मोजून सगळे आकडे 100 किलोवर आणायचे, नाहीतर हलकं जनावर उगाच कमी चरबीचं ठरतं.

छोट्या कळपाला खरी भीती नात्यातल्या जोड्यांची. सख्ख्या भावंडांच्या पिल्लांत अंतःप्रजनन 25 टक्के, सावत्रांच्या 12.5, वेत लहान होतं, पिल्लं दगावतात. म्हणून बाहेरच्या नराचं रेत वापरतो. त्याच्या लेकी अनेक फार्मवर असल्या की ब्लपची तुलनाही पक्की होते. मात्र ताजी रेतमात्रा 16 ते 18 अंशांवर ठेवायची. घरच्या फ्रिजमधल्या 4 अंशांवर डुकराचे शुक्राणू तग धरत नाहीत.